गेटवे ते सीएसएमटी: गाडी पकडायला जाताना दक्षिण मुंबईची वास्तुकला कशी पाहावी

कुलाब्यात उतरलेला पाहुणा परतीच्या गाडीसाठी सीएसएमटीला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, निघतो, तेव्हा टॅक्सी साधारण तीन किलोमीटरच धावते. एवढ्याशा अंतरात व्हिक्टोरियन गॉथिक, इंडो-सारासेनिक (भारतीय-इस्लामी घुमट-कमानी आणि ब्रिटिश रचना यांचा मेळ) आणि आर्ट डेको या तिन्ही शैलींतल्या मुंबईच्या उत्तम इमारती येऊन जातात. तरी बहुतेकांच्या लक्षात फक्त सिग्नल आणि हॉर्न राहतात. कारण रस्ता चालक निवडतो, आपण मिळेल त्या बाजूला बसतो आणि इमारत अगदी शेजारी आल्यावर मान वर करतो. या तिन्ही गोष्टी आधी ठरवल्या, तर पाऊण तासाच्या या प्रवासात बरेच काही पदरात पडते.

या इमारती चालत्या वाहनातून पाहायला सोयीच्या आहेत, यालाही कारण आहे. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात फोर्टचा कोट पाडला गेला. मोकळ्या झालेल्या जागेच्या कडेने सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय अशा सरकारी इमारती ओळीने, मैदानाकडे आणि पलीकडच्या समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बॅकबेचा समुद्र बुजवून जमीन केली गेली ती नंतर. तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा बराच जवळ होता. ही ओळ लांबून आणि सलग दिसावी अशीच रचलेली आहे. पायी जाणाऱ्याला एकेक कमान न्याहाळता येते, पण संपूर्ण ओळ वाहनातूनच नीट कळते.

आधी तिकीट पाहा

तिकिटावर सुटण्याचे स्थानक कोणते लिहिले आहे ते नीट वाचा. ‘मुंबई’ एवढेच डोक्यात ठेवून लोक सीएसएमटीला येतात आणि गाडी असते लोकमान्य टिळक टर्मिनसहून, दादरहून, मुंबई सेंट्रलहून किंवा वांद्रे टर्मिनसहून. तसे असेल तर हा मार्ग तुमच्या कामाचा नाही.

मग फलाट पाहा. सीएसएमटीत १८ फलाट आहेत. १ ते ७ लोकलचे, ८ ते १८ मेल-एक्स्प्रेसचे. लोकलचे फलाट जुन्या वारसा इमारतीच्या मागे लागतात, मेल-एक्स्प्रेसचे पूर्वेकडे. १८ नंबरच्या बाजूला पी. डिमेलो मार्गावरूनही प्रवेश आहे. सामान जास्त आणि गाडी शेवटच्या फलाटांपैकी एकावर असेल, तर त्या बाजूने उतरणे सोपे पडते. स्थानकाच्या पुनर्विकासाचे काम चालू असल्याने प्रवेशाच्या जागा बदलत राहतात. कोणत्या दाराशी सोडायचे ते चालकाला निघतानाच सांगा. स्थानकासमोरच्या नगर चौकात पोहोचल्यावर सांगून उपयोग नसतो, तिथे वळणे हातातून गेलेली असतात.

वेळ कशी ठरवावी

विद्यापीठ, उच्च न्यायालय आणि सीएसएमटी या तिघांचाही दर्शनी भाग पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य त्यांच्या पाठीमागे असतो, दगड काळपट दिसतो आणि कोरीवकाम सपाट वाटते. दुपारी तीननंतर ऊन तिरपे समोरून येते, कमानींच्या खोबणींत सावल्या पडतात आणि नक्षी उठून दिसते. म्हणून तीन ते पाच हा काळ सर्वांत चांगला. साडेपाचनंतर फोर्टातली कार्यालये सुटतात आणि दादाभाई नौरोजी मार्गावर माणसांचा लोंढा सीएसएमटीकडे निघतो. तेव्हा हाच प्रवास दुप्पट-तिप्पट वेळ खातो.

पुण्याला जाणारी डेक्कन क्वीन १७:१० ला सुटते. तिच्यासाठी या वेळा जमतात:

गेटवेवरून निघणे: १४:४५
ओव्हल मैदानाच्या कडेने: १५:०० च्या सुमारास
हुतात्मा चौक: १५:१०
सीएसएमटी: १५:२५ ते १५:३०
सामान ठेवून समोरून इमारत पाहणे: १६:२० पर्यंत
फलाटावर: १६:४०

म्हणजे गाडीच्या आधी जवळजवळ अडीच तास निघायचे. हे फार वाटेल, पण यातला तासभर सीएसएमटीच्या समोर घालवायचा आहे. रस्त्यात कुठे अडकलात, तर हाच तास कामी येतो.

रविवारी सकाळी नऊपर्यंत फोर्ट रिकामा असतो. ऊन उलट्या बाजूचे असले तरी रस्ते मोकळे मिळतात आणि वाहन हळू चालवता येते. पण जानेवारीतला तिसरा रविवार टाळा. त्या दिवशी मुंबई मॅरेथॉन सीएसएमटीपासूनच सुटते आणि आसपासचे रस्ते बंद असतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा महोत्सवाच्या दिवसांत महात्मा गांधी मार्गावर जाऊ नका. आझाद मैदानात मोठे आंदोलन असेल तर महापालिका मार्ग आणि नगर चौक सर्वांत आधी तुंबतात. निघण्यापूर्वी बातम्या आणि मोबाइलवरचा नकाशा दोन्ही पाहा. एकेरी मार्गांची व्यवस्थाही अधूनमधून बदलत असते.

वाहन आणि जागा

शहराच्या या भागात रिक्षा नाहीत. काळी-पिवळी टॅक्सी घ्या. फेब्रुवारी २०२५पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला २०.६६ रुपये असा दर आहे. रस्ता मोकळा असेल तर साठ-सत्तर रुपयांत पोहोचता. सिग्नलवर थांबावे लागले की आकडा वाढतो, सामानाचे वेगळे पैसे पडतात. ॲपवरची टॅक्सी चालेल, पण तिचा चालक नकाशा दाखवेल तोच रस्ता धरतो. मधला थांबा म्हणून ‘ओव्हल मैदान, कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग’ टाकला, तरच आपला मार्ग मिळतो.

मागच्या सीटवर उजवीकडे, चालकाच्या पाठीमागे बसा. या मार्गावर पाहण्यासारखे बहुतेक सगळे उजव्या हाताला आहे. वाहन रस्त्याच्या डाव्या कडेने जात असल्याने उजवीकडची इमारत रस्त्याच्या रुंदीएवढी लांब पडते आणि जास्त दिसते. पुष्कळ काळ्या-पिवळ्यांत मागचा उजवा दरवाजा बंद ठेवतात. डावीकडून शिरून पलीकडे सरका. बॅगा डिकीत किंवा डाव्या सीटवर ठेवा, खिडकीपाशी नको.

आता मान कधी वळवायची ते. मागच्या सीटवरून टॅक्सीच्या छतामुळे साधारण ३० ते ३५ अंशांच्या वरचे काही दिसत नाही. राजाबाई टॉवर ८५ मीटर उंच आहे, म्हणजे त्याचे टोक दिसायला तुम्ही सव्वाशे ते दीडशे मीटर अलीकडे असायला हवे. शेजारी पोहोचल्यावर पाहिले तर फक्त पायथा आणि झाडे. म्हणून उंच इमारत समोरच्या काचेतून आधी पाहायची, आणि शेजारी आल्यावर खिडकीतून खालचे मजले, कमानी, खांब पाहायचे. चालकाला ताशी वीसच्या आसपास चालवायला सांगा. उच्च न्यायालयाची लांबी ५६२ फूट, म्हणजे सुमारे १७१ मीटर आहे. या वेगाने ती अर्ध्या मिनिटात सरते. ते अर्धे मिनिट मोबाइलच्या पडद्यात घालवू नका. चालत्या टॅक्सीतून काढलेल्या फोटोत खांबच येतात.

रीगलचा चौक

निघतानाच गेटवे आणि ताज पाहून घ्या. गेटवेची पायाभरणी ३१ मार्च १९११ रोजी झाली आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी. आराखडा जॉर्ज विटेट यांचा. ताज १९०३ साली सुरू झाले. त्याच्या वास्तुरचनेत रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य यांचा मोठा वाटा होता. हे नाव लक्षात ठेवा, कारण सीएसएमटीच्या बांधकामातही वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या हाताखाली तेच होते. या रस्त्याच्या दोन्ही टोकांच्या इमारतींवर या मराठी स्थापत्यतज्ज्ञाची छाप आहे आणि त्यांचे नाव मात्र फारसे कुणी घेत नाही, ही खरोखर वाईट गोष्ट आहे.

पुढे श्यामाप्रसाद मुखर्जी चौक, म्हणजे बोलीभाषेत रीगल. इथे सिग्नल लांब असतो, त्याचा फायदा घ्या. एका बाजूला १९३३चे रीगल चित्रपटगृह, आर्ट डेको शैलीचे, वास्तुविशारद चार्ल्स स्टीव्हन्स. त्याच चौकात गॉथिक धाटणीची जुनी इमारत आहे, आजचे महाराष्ट्र पोलीस मुख्यालय. ते मूळचे रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम, १८७६ साली पूर्ण झालेले, आणि त्याचे वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, चार्ल्स यांचे वडील. बापलेकांच्या दोन इमारती, मध्ये जवळजवळ साठ वर्षे आणि संपूर्ण बदललेली शैली. एकीकडे टोकदार कमानी, उतरती छपरे, दगडी नक्षी. दुसरीकडे सरळ रेषा आणि गुळगुळीत पृष्ठभाग. शैलींमधला फरक कळायला याहून सोपी जागा मुंबईत नाही. आणि हा प्रवास संपतो तोही थोरल्या स्टीव्हन्स यांच्याच दोन इमारतींसमोर.

चौकातून उजवीकडे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा पांढरा घुमट दिसतो. हेही काम विटेट यांचेच. इमारत १९१४ साली पूर्ण झाली, पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होते आणि लोकांसाठी ती १९२२ साली खुली झाली. भिंतींचा करडा दगड कुर्ल्याचा बेसॉल्ट, पिवळसर दगड मालाडचा.

महात्मा गांधी मार्ग सोडा, भाऊराव पाटील मार्ग धरा

चालक सहसा सरळ महात्मा गांधी मार्गाने काळा घोड्यावरून नेतो. तो रस्ता पायी हिंडायला उत्तम आहे. १८७० साली पूर्ण झालेले डेव्हिड ससून वाचनालय, एल्फिन्स्टन महाविद्यालय, इंग्लंडमध्ये घडवून आणलेल्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्याचे वॉटसन हॉटेल (आजचे एस्प्लनेड मॅन्शन), सगळे एकाच ओळीत आहे. पण टॅक्सीतून जाताना अडचण अशी की विद्यापीठ आणि उच्च न्यायालयाची इथून पाठ दिसते.

म्हणून रीगलच्या चौकातून मादाम कामा मार्गाला लागा. उजव्या हाताला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय (मूळचे सर कावसजी जहांगीर सभागृह) आणि त्याला लागून विज्ञान संस्था, दोन्ही विटेट यांची. मग उजवीकडे वळून कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग. हा जुना मेयो रोड; वयस्कर चालकाला तेच नाव पटकन कळते.

वळल्याबरोबर समोरच्या काचेतून राजाबाई टॉवर शोधा. हीच ती सव्वाशे-दीडशे मीटरची गोष्ट. पुढे गेल्यावर झाडे आड येतात. पावसाळ्यात फांद्या दाट झाल्या की हा क्षण आणखी लहान होतो. उजवीकडे क्रम असा:

आधी जुने सचिवालय, आजचे दिवाणी व सत्र न्यायालय. हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा आराखडा, १८७४ साली पूर्ण. मजल्या-मजल्यांवर खुले, कमानदार सज्जे आहेत ते पाहा. समुद्राकडून येणारा वारा आत घ्यायचा आणि दुपारचे ऊन बाहेर ठेवायचे, ही त्यांची कामगिरी. वेनिसची धाटणी मुंबईच्या हवेत चालली ती या सज्ज्यांमुळे.

मग विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह आणि त्याशेजारी वाचनालय व टॉवर. आराखडा लंडनच्या सर गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते स्वतः मुंबईत कधी आले नाहीत. टॉवरसाठी प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले आणि आईचे, राजाबाईंचे, नाव द्यायला सांगितले. काम १८६९ ते १८७८ चालले. सभागृहाची गोल खिडकी आणि वाचनालयाचे बाहेरून दिसणारे चक्री जिने या दोन गोष्टी टॅक्सीतूनही नीट टिपता येतात.

मग उच्च न्यायालय. जेम्स फुलर, १८७१ ते १८७८. विद्यापीठ नाजूक आणि सजवलेले, हे जड आणि करारी. इथे तपशील शोधत बसू नका. मधला १७८ फुटी मनोरा आणि दोन्ही बाजूंना पसरलेले पंख एका नजरेत घ्या. आवारात फोटो काढू देत नाहीत, रस्त्यावरूनही उतरून गर्दी करू नका.

डाव्या हाताला ओव्हल मैदान, त्यापलीकडे आर्ट डेको इमारतींची रांग. दोन्ही बाजू मिळून २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. सोबत कुणी असेल तर डावीकडची सीट त्याला द्या.

दगड ओळखायची युक्ती

करडा-निळसर, खडबडीत दगड म्हणजे बेसॉल्ट, आपला सह्याद्रीचा काळा पाषाणच. तो कणखर, म्हणून भिंतींना वापरला. बारीक नक्षीला तो दाद देत नाही. पिवळसर, मातकट छटेचा दगड मालाड किंवा कुर्ल्याच्या खाणींचा. कमानी, कोपरे आणि पट्टे त्याचे. पांढरट, लोण्यासारखा कोरलेला भाग दिसला तर तो बहुधा पोरबंदरचा चुनखडक. खारा वारा आणि पाऊस यांचा मारा त्यालाच सर्वांत जास्त बसतो. मूर्तींची नाके, पानांच्या कडा झिजलेल्या दिसतात त्या यामुळे.

हुतात्मा चौक आणि दादाभाई नौरोजी मार्ग

वीर नरिमन मार्गावर उजवे वळण घेतले की दोन मिनिटांत हुतात्मा चौक. १८६४चे फ्लोरा फाउंटन पोर्टलंड दगडाचे आहे, आणि शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक, हाती मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात गोळीबार झाला होता. इथे सिग्नलला थांबलात तर नजर स्मारकाकडेच असू द्या.

डावीकडे वळून दादाभाई नौरोजी मार्ग, जुना हॉर्नबी रोड. इथे नजर वर नको, समोर आणि खाली ठेवा. १८९६च्या नियमाने प्रत्येक इमारतीला तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची पडवी ठेवणे सक्तीचे झाले. म्हणून खाली एकसारखी कमानींची रांग आणि वर प्रत्येक मालकाची वेगळी हौस: कुठे गॉथिक, कुठे नवअभिजात (ग्रीक-रोमन वळणाची), कुठे पारशी. यातल्या तीन जागा चुकवू नका. वाच्छा अग्यारी, १८८१, दारावर माणसाच्या तोंडाचे पंखधारी बैल. जे. एन. पेटिट वाचनालयाची १८९८ची गॉथिक इमारत. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सुरू केलेले सिद्धार्थ महाविद्यालय. या रस्त्यावर टॅक्सी थांबवायचा आग्रह धरू नका. दंडाचे ई-चलन टॅक्सीच्या नंबरवर जाते.

नगर चौक आणि सीएसएमटी

रस्त्याच्या शेवटी दोन इमारती एकमेकींसमोर उभ्या राहतात. डावीकडे पुढे महापालिका मुख्यालय, १८९३, उंच मनोऱ्याचे. उजवीकडे स्थानक, बांधकाम १८७८ ते १८८८. दोन्ही स्टीव्हन्स यांचीच. टॅक्सीतून इथे फक्त एकच गोष्ट पाहा: घुमट आणि त्यावरची ‘प्रगती’ची स्त्रीमूर्ती, एका हातात मशाल, दुसऱ्या हाताशी चाक. बाकी उतरल्यावर.

उतरून सामान क्लोकरूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप आणि जवळ वैध तिकीट लागते. कुलूप नसलेली बॅग परत पाठवतात, म्हणून दोन छोटी कुलपे घरूनच आणा. मग भुयारी मार्गाने रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला या. तिथे इमारत पाहण्यासाठी जागा केलेली आहे. चौकातून पळत रस्ता ओलांडू नका, बसगाड्या वळताना दिसत नाहीत.

समोरून क्रमाने पाहा. फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ, सिंह ब्रिटनचा, वाघ भारताचा. मग दर्शनी भिंतीवरचे रेल्वे कंपनीच्या संचालकांचे गोल मुखवटे. घड्याळाखालचा रिकामा कोनाडा, जिथे पूर्वी व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता. मग पन्हाळ्यांवरचे प्राणी, पानाफुलांची नक्षी. यातले बरेचसे काम मुंबईच्या कला विद्यालयातल्या विद्यार्थ्यांचे. शेवटी पुन्हा आत जाऊन लोकलच्या जुन्या तिकीटघराचे छत पाहा, निळ्यावर सोनेरी तारे. तिकिटाच्या रांगेत उभे राहिलेले हजारो लोक रोज त्याच्याखालून जातात. मोबाइलवर फोटो काढायला हरकत नसते. तिपाई लावली तर रेल्वेचे सुरक्षा कर्मचारी परवानगी विचारतात.

वेळ उरला तर शेजारचे जनरल पोस्ट ऑफिस पाहा. जॉन बेग यांचा आराखडा, १९१३. घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून सुचलेला. काळा बेसॉल्ट, कुर्ल्याचा पिवळा आणि ध्रांगध्राचा पांढरा असे तिन्ही दगड एकाच भिंतीत असल्याने वरची युक्ती इथे लगेच पडताळता येते.

दुसरा मार्ग: १८ नंबरच्या बाजूचा

सामान जड असेल तर शहीद भगतसिंग मार्गाने जा. १८३३चे टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीची इमारत, त्याच्या तीस पायऱ्या आणि डोरिक खांब उजव्या हाताला येतात, डावीकडे हॉर्निमन सर्कल. पुढे बॅलार्ड इस्टेट, विटेट यांच्या नियोजनातला, एकसारख्या उंचीचा शांत परिसर, तिथून पी. डिमेलो मार्ग. या वाटेवर लायन गेट, नौदल गोदी, टांकसाळ आणि रिझर्व्ह बँक लागतात. तिथे कॅमेरा किंवा मोबाइल बाहेर काढू नका.

रस्ता तुंबला तर

हुतात्मा चौकापर्यंत पोहोचला असाल आणि पुढे वाहने हलत नसतील, तर टॅक्सी तिथेच सोडा. सीएसएमटी तिथून सुमारे एक किलोमीटर, हलक्या सामानासह बारा ते पंधरा मिनिटे, आणि संपूर्ण वाट पडव्यांतून असल्याने ऊन-पाऊस फारसा लागत नाही. फेरीवाल्यांमुळे चाकांची बॅग ओढता येत नाही, उचलून धरावी लागते. दोन मोठ्या बॅगा असतील तर भुयारी मेट्रो धरा: हुतात्मा चौक स्थानकानंतरचे पुढचेच स्थानक सीएसएमटी मेट्रो आहे. आरे-जेव्हीएलआरच्या दिशेची गाडी घ्यायची, कफ परेडची नाही. खाली उतरणे, तपासणी आणि पुन्हा वर येणे धरून वीस मिनिटे हाताशी ठेवा. गाडी सुटायला त्याहून कमी वेळ असेल तर पायीच निघा.